खोटा धोटा

“औषध लोकांचं आहे, ते लोकांच्या हाती द्या.” हे वाक्य माझं. आमच्या मंडळानं हिवतापावर जे पत्रक काढलं, त्याच्या तळाशी जाड अक्षरात. सायक्लोस्टाइलच्या शाईनं बोटं काळी करून मी ते स्वतः छापलं, सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांतून स्वतः वाटलं, आणि चौकातल्या एका कट्ट्यावर चढून मोठ्यानं वाचूनही दाखवलं. हेच वाक्य एका दुपारी माझा सख्खा भाऊ माझ्या तोंडावर फेकेल आणि मला उत्तर सुचणार नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाही एक पत्रक दिलं असतं.

पत्रकातलं एक अक्षर खोटं नव्हतं. हिवताप देशातून गेल्यात जमा आहे, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. लहानपणी फवारणीवाले यायचे, भिंतींवर पांढुरका थर बसायचा, आणि जाताना ते दाराशेजारी गेरूनं तारीख लिहून जायचे. मग नवी तारीख पडायची बंद झाली. जुन्या तारखा उन्हापावसानं फिकट होत गेल्या, तरी सरकारी कागदावर ताप गेलेलाच होता. प्रत्यक्षात आमच्या गल्लीत ऐन उन्हाळ्यात माणसं गोधड्या पांघरून थडथडत होती. आजचा दिवस ताप, उद्या बरं, परवा पुन्हा ताप. आणि नवी औषधं शोधायची म्हणजे ते साहेबांच्या देशातल्या कंपन्यांचं काम, आपण फक्त बाटल्यांवरची नावं वाचायची! याची मला चीड होती. अजूनही आहे.

पण मी नुसती चिडून बसले नव्हते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी कॉलेजातल्या एका सरांच्या हाताखाली संशोधनाला लागले होते. हिवतापाच्या जंतूचं एक एन्झाइम अडवून धरतील असे पदार्थ आराखडा करून बनवायचे, हा आमचा विषय. गल्लीत कुणी विचारलं की मी मागाचं उदाहरण द्यायची. सोलापुरात मागाचं उदाहरण दिलं की पुढचं समजवावं लागत नाही. मागात इकडून तिकडे धावून आडवं सूत नेतो तो धोटा इथं पोराटोरांच्याही ओळखीचा.

“जंतूच्या पोटात एक माग चालतो,” मी सांगायची. “त्या मागावर तो आपल्या वाढीचा माल विणतो. एकाचे दोन, दोनाचे चार व्हायचे तर माग चालला पाहिजे. आम्ही काय करतोय, तर एक खोटा धोटा बनवतोय. दिसायला खऱ्यासारखा. माग तो घेतो, धोटा मधेच अडकतो, माग बंद. जंतू जागच्या जागी उपाशी.”

“आन् आपल्या पोटात तसला माग न्हाय व्हय?” हे पहिल्यांदा विचारलं ते अन्नानंच.

“आहे,” मी म्हणाले. “पण बांधणी जरा वेगळी आहे. आमचा धोटा त्याच्या मागात अडकेल आणि आपल्या मागातून सटकून जाईल, असा बनवायचा. सगळी करामत तिथंच आहे.”

“भारी हाय की,” अन्ना म्हणाला आणि सुताची लडी पिळायला लागला.

अन्ना म्हणजे माझा मोठा भाऊ. आम्ही तेलुगू. घरात तेलुगू, दारात मराठी आणि भांडण दोन्हींत. आई-वडील लवकर गेले. अन्नानं स्वतःची शाळा सोडून सूत रंगवायचा कारखाना सांभाळला आणि मला शिकवलं. कारखाना म्हणजे घराला लागून असलेली पत्र्याची शेड, दोन भट्ट्या, सिमेंटचे हौद आणि दोऱ्यांवर वाळत घातलेल्या लड्या. चादरीचं सूत रंगवायचं ते बहुतेक नॅप्थॉलच्या रंगात. या रंगाची गंमत अशी की तो तयार रंग नसतोच. आधी लडी नॅप्थॉलच्या पाण्यात बुडवायची. तेव्हा ती नुसती मळकट पिवळसर दिसते. मग दुसऱ्या हौदात ‘बेस’ असतो, आम्ल आणि नायट्राइट घालून बर्फात गार ठेवलेला. त्यात लडी घातली की डोळ्याचं पातं लवायच्या आत रंग उमटतो. बेस बदलला की रंग बदलतो. नारंगीचा बेस, शेंदरीचा बेस, लालचा बेस. मी अ आ ई शिकायच्या आधी हे शिकले.

आणि आमचं संशोधन उभं राहिलं ते याच नारंगीच्या बेसवर. झालं असं की सरांनी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे एका अमाइनची मागणी नोंदवली होती. महिने गेले, माल येईना. सर रोज पोस्टमनकडे बघायचे आणि मला म्हणायचे, “आपण आपलं दुसरं काहीतरी करू या का?” सर सज्जन होते. त्यांचा सज्जनपणा मला सहन व्हायचा नाही. एके दिवशी जर्नलमधलं ते लांबलचक नाव वाचता वाचता मला आमच्या शेडमधला ड्रम आठवला. क्लोरीन लावलेलं अमाइन, हायड्रोक्लोराइडच्या रूपात. म्हणजे आमचा नारंगीचा बेसच की! विलायतेतले लोक बंद बाटलीतून चिमूटभर घेत होते, आणि आमच्याकडे ते लाकडी फळीखाली उघड्या ड्रमात पडलं होतं, वर अन्नाच्या चहाचा कप.

अन्नानं डबा भरून दिला. त्यात व्यापाऱ्यानं मिसळलेलं मीठ असायचं, ते काढून बेस साफ करण्यात माझे कितीतरी दिवस गेले. पुढचं काम कागदावर सोपं होतं. बेस, डायसायनडायअमाइड आणि अॅसिटोन, तिन्ही एकत्र करून वाफेवर तासन् तास उकळायचं. अॅसिटोन उडून जाऊ नये म्हणून वर काचेची गार नळी लावायची आणि तिच्याभोवती सतत पाणी खेळवायचं. आता सतत पाणी म्हणजे काय, हे सोलापूरच्या माणसाला विचारा. नळाला पाणी येणार दिवसाआड, तेही सकाळी. मग टेबलावर स्टूल, स्टुलावर बादली, बादलीतून रबरी नळी, खाली दुसरी बादली. खालची भरली की वर ओतायची. मी एका हातानं बादली उचलायची आणि दुसऱ्या हातात पत्रकाचा मजकूर धरायची. बर्फ अन्नाकडून यायचा, भुशात गुंडाळलेला. पाणी संपलं तर अॅसिटोनची वाफ खोलीभर पसरणार आणि खालच्या दिव्यानं पेट घेणार, ही धास्ती सारखी. सर दारात उभे राहून म्हणायचे, “झालं का? झालं का?” जसं काही भात शिजत होता.

शेवटी पांढरे स्फटिक मिळाले. गाळले, गरम पाण्यात विरघळवून पुन्हा पाडले, पुन्हा गाळले. एका तपकिरी बाटलीच्या तळाशी जेमतेम मूठभर पावडर. आमचा पहिला खोटा धोटा.

सर तो घेऊन मोठ्या शहरातल्या एका संस्थेत जाणार होते. तिथं उंदरांना हिवताप देऊन त्यांच्यावर अशी औषधं तपासत. संस्थेनं मोठ्या मिनतवारीनंतर एक संधी दिली होती. नमुना अशुद्ध निघाला, उंदीर भलत्याच कारणानं मेले, तर सोलापूरच्या कॉलेजाला पुन्हा दार उघडणार नव्हतं. सर तर सरळ ‘दुसरं काहीतरी’ करायला मोकळे झाले असते. मला सगळ्यात भीती होती ती पावडरीत राहिलेल्या कच्च्या बेसची. बेस रक्तात गेला की काय होतं हे शेडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. हात न धुता जेवणारा एखादा कामगार दुपारी घेरी येऊन बसतो आणि त्याचे ओठ निळे दिसतात.

याच दिवसांत वदिनाला ताप आला.

वदिना म्हणजे अन्नाची बायको. सहावा महिना चालू होता. आधीची दोन राहिली नव्हती, त्यामुळे हे मूल घरात कुणी मोठ्यानं उच्चारायचं नाही अशी रीत पडली होती. ताप दिवसाआड यायचा. दुपारी थंडी भरायची, अंगावर आम्ही घरातलं सगळं पांघरूण टाकायचो, तरी खाटेचे पाय वाजायचे. मग अंगाची भट्टी. मग घाम, आणि संध्याकाळी वदिना उठून भाजी निवडायला बसायची, जसं काही झालंच नाही.

हिवताप खात्याचा माणूस सायकलवरून आला. बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं, चार गोळ्या हातावर ठेवल्या, समोर गिळायला लावल्या आणि शेजारच्या दारात गेला. “रिपोर्ट आला की पुढच्या गोळ्या,” म्हणाला. रिपोर्ट आला नाही. ताप मात्र ठरल्या दिवशी येत राहिला.

“तुझ्या सरकारच्या गोळ्या हिला लागू पडत न्हाईत,” अन्ना म्हणाला.

“सरकार माझं केव्हापासून झालं?” मी म्हणाले.

“पत्रकं काढतीस की त्याच्या नावानं.”

तो हसला नाही. एरवी हसला असता. त्यानंतर तो माझ्या बाटलीबद्दल विचारायला लागला. किती झालं? कसं दिसतं? गोळी करणार का इंजेक्शन? प्रश्न साधे होते, पण अन्ना हौदाकडे न बघता विचारायचा, आणि लडी हातात असताना हौदाकडे न बघणारा अन्ना मी कधी पाहिला नव्हता. प्रयोगशाळेत त्याला कुणी अडवत नसे. बर्फ द्यायला तो थेट आत यायचा. मी बाटली सरांच्या कपाटात कुलपात ठेवायला सुरुवात केली. का, ते सरांना सांगितलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

सरांच्या निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाटली घेऊन शेडमध्ये आले. कच्चा बेस राहिलाय का हे ओळखायची सगळ्यात बारीक परीक्षा कॉलेजात नव्हती, आमच्या शेडमध्ये होती. पावडर आम्लात विरघळवायची, बर्फात ठेवून नायट्राइट घालायचं आणि नॅप्थॉल लावलेला धागा त्यात बुडवायचा. बेसचा अंशही असला तर धागा नारंगी होणार. नसला तर जसाच्या तसा राहणार. धागा जसाच्या तसा राहावा म्हणून मी सकाळपासून देवाला सोडून सगळ्यांना विनवत होते.

वदिनाचा तापाचा दिवस होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. शेडला लागून असलेल्या खोलीचं दार उघडं होतं आणि खाटेचे पाय वाजत होते. अन्ना दारात उकिडवा बसला होता. भट्ट्या बंद.

“हातात काय हाय?” त्यानं विचारलं.

“सरांचा नमुना.”

“तापाचा?”

“अजून कशाचाच नाही. उंदरांना द्यायचाय.”

अन्ना उठला. मनगटापर्यंत नारंगी झालेले हात त्यानं लुंगीला पुसले. “माझा बेस. माझा बर्फ. आन् पैला मान उंदराला?”

“अन्ना, तसं नसतं ते.”

“कसं असतं मग?” नॅप्थॉलच्या डब्यावर झाकण म्हणून माझंच पत्रक दगडाखाली दाबलेलं होतं. ते त्यानं ओढून काढलं आणि तळाची ओळ बोट ठेवून वाचली, शाळेतल्या पोरासारखी, एकेक शब्द तोडून. “औषध लोकांचं आहे, ते लोकांच्या हाती द्या. हे तू लिवलंस का कुनी दुसऱ्यानं?”

“मीच.”

“मग लोक म्हंजे कोन, चेल्ली? तुझी वदिना लोकांत येती का न्हाय?”

चेल्ली म्हणजे धाकटी बहीण. तो मला तसं म्हणतो तेव्हा मी लहान होऊन जाते. कट्ट्यावर उभी राहिले की मला दहा उत्तरं सुचतात. तिथं खाटेचा आवाज ऐकू येत नाही.

एकच युक्ती सुचली. म्हटलं, “थांब. आत काय आहे ते तुलाच दाखवते. तुझ्या डोळ्यांवर विश्वास आहे ना तुझा?”

काचेच्या ग्लासात चिमूटभर पावडर घेतली, आम्ल घातलं, ग्लास बर्फात रोवला. सकाळपासून माझी जी इच्छा होती ती मी त्या क्षणी फिरवली. नारंगी हो, म्हटलं. थोडीशी तरी हो. अन्नाला दुसरं काही सांगावं लागणार नाही. निळे ओठ त्याला माहीत आहेत, बेस तो बायकोच्या तोंडात घालणार नाही. माझं वर्ष वाया जाईल, सरांचा प्रवास रद्द होईल, होऊ दे.

नायट्राइट घातलं. अन्नानंच धागा बुडवला. रंगाऱ्याचा हात, वर-खाली, एकसारखा. बाहेर काढला आणि उजेडात धरला.

धागा जसा होता तसाच. मळकट पिवळसर. त्यानं पुन्हा बुडवला. पुन्हा तसाच.

“काय न्हाय ह्यात,” अन्ना म्हणाला. आयुष्यभर बेसच्या भेसळीवर व्यापाऱ्यांशी भांडलेला माणूस तो. त्याच्या आवाजात पहिल्यांदा कौतुक आलं. “लई साफ काडलंयस. एक कन न्हाय बेसचा.” आणि त्यानं माझ्या हातातली बाटली काढून घेतली, सहज, जशी ती त्याचीच होती. फळीवरचा चहाचा चमचा घेतला.

माझ्याच चांगल्या कामानं माझं तोंड बंद केलं होतं.

“अन्ना, साफ आहे म्हणजे चांगलं आहे असं नाही!”

“मग साफ कशाला केलंस?”

“माग आठवतो का? तो तिच्यातही आहे.”

“तुझा धोटा आपल्या मागातनं सटकतो म्हनालीस की.”

“सटकावा असा बनवलाय. सटकतो का, ते कुणी बघितलंय?”

“वरीसभर काय केलं मग?”

“अंदाज,” मी ओरडले. “वर्षभर केला तो अंदाज! आणि तिच्या पोटात काय चाललंय ते बघ की. तुझ्या-माझ्या अंगात माग एका पाळीत चालतात. तिच्या पोटात तिन्ही पाळ्या चालू आहेत, एक मिनिट सुट्टी नाही. बोटं विणायची आहेत, डोळे विणायचे आहेत. तिथं माझा धोटा अडकला तर जंतूच्या आधी काय बंद पडेल?”

चमचा बाटलीच्या तोंडाशी थांबला. पण बाटली त्यानं खाली ठेवली नाही. खोलीतला खाटेचा आवाज थांबला होता, थंडी सरून आता ताप चढत असणार. अन्ना त्या दाराकडे बघत होता आणि मी त्याच्या हाताकडे. खरी भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ताप राहिला तरी मूल जाणार, आणि पावडर दिली तरी कदाचित जाणार. दोन्हीकडे मीच उभी.

तेवढ्यात आतून वदिनाचा आवाज आला, घोगरा, पण स्वच्छ.

“उंदराच्या आधी माझा नंबर लावला व्हय?”

आम्ही दोघं दारात गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे लाल, गोधड्या लाथेनं बाजूला केलेल्या. “मला इचारलं का कुनी? शास्त्रज्ञीणबाई एक बोलतीय, रंगारी एक बोलतोय. पोट कुनाचं?”

“तुला लागू पडत न्हाई ना दुसरं काय,” अन्ना म्हणाला. “चार गोळ्या घेतल्यास, काय झालं?”

वदिनानं आधी माझ्याकडे बघितलं, मग पदराकडे. “पोटात ऱ्हायल्याच कुटं त्या?”

“म्हंजे?”

“म्हंजे काय? उपाशी पोटी त्या कडू गोळ्या. तो माणूस शेजारच्या दारात गेला आन् मी मोरीत वकले. समद्या भाईर.”

अन्ना खाटेजवळ सरकला. “सांगितलं का न्हाईस?”

“सरकारी गोळ्या वाया घालवल्या म्हनून तो वरडला असता. आन् तुमी काय कमी वरडता? ह्ये बघा, आत्ता वरडायलाच लागलाय.”

म्हणजे औषध लागू पडलं नव्हतं असं नव्हतंच. औषध तिच्या अंगात गेलंच नव्हतं. जुनं, साधं, आमच्या गल्लीत सायकलवरून येणारं औषध. आणि आम्ही दोघं शहाणे नवीन औषधावरून एकमेकांच्या अंगावर जात होतो.

अन्नानं बाटली नॅप्थॉलच्या डब्याशेजारी ठेवली आणि टांगा आणायला पळाला. मी ती उचलून पिशवीत घातली. ते दोघं सरकारी दवाखान्यात गेले. मी गेले हिवतापाच्या ऑफिसात, काचेचा रिपोर्ट मागायला. मागायला म्हणजे भांडायला.

ऑफिसात एक खिडकी, एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि एक माणूस. बाकी खोलीभर काचांची खोकी. सांगोल्याची, करमाळ्याची, शहरातली, एकावर एक. मी दारातूनच सुरू केलं. बाईमाणूस, गरोदर, रक्त घेऊन किती दिवस झाले, जनतेच्या जिवाशी खेळ, वगैरे. माझ्याकडे या सगळ्याची तयारी असते. त्या माणसानं लेन्सवरून डोळा न काढता ऐकून घेतलं.

“झालं का?” तो म्हणाला. “बाई, तुमचं समदं खरं हाय. पन ह्या काचा वाचायला मी एकला हाय. वरडायला लई जन येतात. घर कुटलं, त्ये सांगा.”

गल्ली सांगितली. त्यानं एका खोक्यातून काचा चाळल्या, वदिनाची शोधून काढली, रंगवली, वाळवली, तेलाचा थेंब टाकला. काच रंगवताना त्याचा हात अन्नासारखाच चालत होता. मग बराच वेळ बघून मला म्हणाला, “या. बघा.”

मी डोळा लावला. गुलाबी गोल पेशी, आणि एका पेशीत निळसर कडं, त्यावर लाल ठिपका. खड्याच्या अंगठीसारखं. ज्याच्या पोटातला माग बंद पाडायला मी वर्षभर बादल्या उचलत होते, तो मी आजपर्यंत कधी बघितलाच नव्हता. जर्नलमध्ये होता तो नुसत्या आकड्यांत. हा वदिनाच्या रक्तात बसला होता.

“साधा हाय,” तो माणूस म्हणाला. “मारक्या जातीचा न्हाय. त्याच गोळ्या चालतील. पोटात ऱ्हायल्या तर.”

रिपोर्ट घेऊन मी दवाखान्यात धावले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वदिनाला आधी उलटी थांबवायचं इंजेक्शन दिलं, पेज पाजली आणि मग त्याच गोळ्या, थोड्या थोड्या करून. बाईंनी मला विचारलं, “तुम्हीच का त्या, पत्रकं वाटणाऱ्या?” मी हो म्हणाले. “पुढच्या पत्रकात लिहा,” त्या म्हणाल्या, “गोळी उपाशी पोटी घेऊ नका, आणि उलटी झाली तर सांगा.” मला वाटलं टोमणा आहे. नव्हता.

बाटली मी त्याच संध्याकाळी सरांच्या हाती दिली. “शुद्ध आहे ना?” त्यांनी तीनदा विचारलं. “आहे,” मी म्हणाले, “धागा रंगला नाही.” सरांना यातलं काही कळलं नाही, पण ते बाटली स्वेटरमध्ये गुंडाळून गाडीत बसले.

त्यानंतरचा तापाचा दिवस मी विसरणार नाही. वदिना घरी आली होती. दुपार झाली. अन्नानं भट्टी पेटवली नाही. मी कॉलेजात गेले नाही. वदिना खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, आणि तिनं जरा पदर अंगाभोवती घेतला की आम्ही दोघं एकदम उठायचो.

“माशी बसली होती,” ती म्हणायची. “बसा की खाली. जत्रा भरलीय का?”

गिरणीचा भोंगा झाला. ऊन शेडच्या पत्र्यावरून उतरलं. खाटेचे पाय वाजले नाहीत. अन्ना उठला आणि त्यानं हौदात पाणी सोडलं.

मुलगी झाली. हातापायांची बोटं सगळ्यांनी मोजली, मी जरा जास्तच वेळा. घरात तिचा विषय आता सगळेच मोठ्यानं काढतात.

सर संस्थेतला निकाल स्वतः जाऊन घेऊन आले. आमच्या धोट्यानं उंदरांतले जंतू हटवले होते. बऱ्यापैकी. पण मात्रा वाढवली तेव्हा जंतूंबरोबर उंदीरही गेले. म्हणजे धोटा उंदराच्या, आपल्यासारख्याच मागातही अडकतो, जंतूच्या मागापेक्षा जरा कमी, एवढंच. सर म्हणाले, “हरकत नाही, आराखडा सुधारता येईल.” त्यांनी ‘दुसरं काहीतरी’ म्हटलं नाही. ही मला मोठी गोष्ट वाटली.

घरी येऊन मी सांगितलं. अन्ना हौदाशी होता, वदिना उंबऱ्यात बाळाला पायांवर घेऊन तेल लावत होती.

“मेले म्हंजे?” अन्नानं विचारलं. “समदे?”

“मोठ्या मात्रेवर. लहान मात्रेवर जगले.”

त्याचे हात थांबले. त्या दिवशी चमच्यात किती आलं असतं, हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मग तो शेडच्या कोपऱ्यात गेला आणि कागदात बांधलेला एक डबा आणून माझ्यासमोर ठेवला.

“शेंदरीचा बेस. व्यापारी म्हनत हुता, ह्याला दोन क्लोरीन हायत. तुझा धोटा बदलून बघ.”

“त्यातली गाभण किती हुती?” वदिनानं विचारलं.

“कशातली?”

“उंदरांतली. गाभण उंदरीन हुती का एखादी?”

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. सर चष्मा पुसत म्हणाले, नाही, सगळे नर होते, पहिल्या फेरीत तसंच करतात, नर सोयीचे पडतात. मी म्हटलं, “सर, आमच्या गल्लीत ताप नरांना बघून येत नाही.” सर म्हणाले, “हे पत्रकात लिहायचं आहे का?” मी म्हटलं, नाही, पुढच्या फेरीत गाभण उंदरिणीही घ्या, असं संस्थेला लिहायचं आहे, तुमच्या सहीनं.

शेंदरीचा डबा मी उघडलाय. त्यातही मीठ आहे, आमच्या व्यापाऱ्याची कृपा. बादल्या परत टेबलावर चढल्या आहेत. वदिना रोज संध्याकाळी विचारते, गेलं का ते पत्र. सरांची सही अजून व्हायची आहे. ती होईपर्यंत ही नवी पावडर मी सोलापूरच्या बाहेर पाठवणार नाही, हे मी सरांना सांगितलंय.